रोब्रेडो, जेसी

(२७ मे १९५८ – १८ ऑगस्ट २०१२). फिलिपाइन्समधील नागा शहराचे महापौर आणि पुढे देशाचे गृह व स्थानिक स्वराज्य मंत्री. लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाकडे बिकोल प्रदेश आहे. तिथल्या कामारिनेस सुर प्रांतातल्या नागा शहरात त्यांचा जन्म झाला. मनिलाच्या दे ला साल विद्यापीठातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते सान मिगेल या मोठ्या उद्योगसमूहात नोकरीला लागले. १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांची राजवट कोसळली. त्यानंतर रोब्रेडो चांगली नोकरी सोडून गावी परतले आणि बिकोल नदी खोरे विकास कार्यक्रमाचे काम पाहू लागले.

१९८८ मध्ये, तिशीही ओलांडलेली नसताना, ते थोड्या मतांच्या फरकाने महापौर झाले. फिलिपाइन्समध्ये महापौर थेट जनतेतून निवडून येतो आणि प्रशासनही त्याच्याच हातात असते. आपल्या महापालिकांसारखा कारभार आयुक्तांकडे नसतो. त्या वेळी नागाची तिजोरी तुटीत होती आणि उत्पन्नावर ठरणाऱ्या शहरांच्या वर्गवारीत ते पहिल्या दर्जावरून तिसऱ्या दर्जावर घसरले होते. रोब्रेडोंनी बेकायदा जुगाराविरुद्ध मोहीम उघडली, बसस्थानक गजबजलेल्या भागातून बाहेर हलवले, नेमणुका आणि बढत्यांत वशिल्याऐवजी कामाचे मोजमाप आणले. दोनेक वर्षांत शहर पुन्हा पहिल्या दर्जाचे झाले. ज्या प्रभावशाली राजकीय घराण्याच्या पाठिंब्यावर ते पहिल्यांदा निवडून आले, ते त्यांच्या नात्यातलेच होते. त्याच्याशी लवकरच फाटले. १९९२ च्या निवडणुकीत मात्र रोब्रेडोंचे पूर्ण पॅनेल विजयी झाले.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम झोपडपट्टीवासीयांच्या जमिनीचे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘कांताबाय सा काउस्वागान’ (विकासातील सोबती) या योजनेत वस्तीतल्या लोकांनी आधी संघटना बांधायची. मग जमीनमालक, रहिवासी आणि नगरपालिका असे तिघे एका टेबलाशी बसत. कुठे नगरपालिका जमीन विकत घेई, कुठे मालकाला बदल्यात दुसरी जमीन देई. रहिवासी हप्त्याहप्त्याने पैसे फेडत. बुलडोझर आणि कोर्टकचेरी यांना पर्याय असतो, हे या योजनेने दाखवले. १९९५ च्या स्थानिक अध्यादेशाने नागरिक संघटनांच्या महासंघाला, म्हणजे ‘नागा पीपल्स कौन्सिल’ला, नगर परिषदेच्या समित्यांत बसण्याचा आणि तिथे मत देण्याचा हक्क दिला. सूचना मागवून फाईलला लावणे वेगळे आणि मत देणे वेगळे. त्यामुळे हा अध्यादेश फार महत्त्वाचा मानावा लागतो.

नागाची नागरिकांची सनद हीदेखील मुद्दाम पाहण्यासारखी. ती पुस्तिकेच्या रूपात छापली गेली. दाखला हवा तर कोणत्या खिडकीवर जायचे, कोणते कागद लागतील, किती वेळ लागेल, काम कोणाच्या जबाबदारीचे, हे तीत सेवेनुसार दिलेले असे. २००७ च्या कायद्याने अशी सनद फिलिपाइन्समधल्या सगळ्या सरकारी कार्यालयांना बंधनकारक झाली.

सलग तीनच वेळा निवडून येण्याच्या मर्यादेमुळे १९९८ मध्ये ते पदावरून उतरले आणि हार्वर्ड विद्यापीठात लोकप्रशासन शिकायला गेले. २००० मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच विभागातला पुरस्कार १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांना मिळाला होता. २००१ मध्ये रोब्रेडो परत निवडून आले आणि २०१० पर्यंत, एकूण एकोणीस वर्षे, महापौर राहिले. आजोबा चिनी असल्याने त्यांच्या नागरिकत्वावरच विरोधकांनी वारंवार हरकती घेतल्या. त्या टिकल्या नाहीत. वादळानंतर टी-शर्ट, हाफ पँट आणि पायात रबरी स्लीपर अशा वेशात फावड्याने रस्त्यावरचा चिखल ओढणारे महापौर नागावासीयांच्या परिचयाचे होते. स्लीपरला तिथे ‘चिनेलास’ म्हणतात. त्यावरून त्यांच्या कामाच्या पद्धतीला ‘चिनेलास नेतृत्व’ हे नाव पडले.

२०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो (तिसरे) यांनी त्यांना गृह व स्थानिक स्वराज्य खाते दिले. स्थानिक संस्थांनी अंदाजपत्रक आणि खर्च लोकांपुढे मांडलाच पाहिजे, हे धोरण त्यांनी राबवले. चोख कारभाराला मानचिन्ह आणि निधी जोडला. खेदाची गोष्ट अशी की, नियुक्त्यांना संमती देणाऱ्या संसदीय आयोगाने त्यांच्या नेमणुकीवर अखेरपर्यंत शिक्कामोर्तब केले नाही.

१८ ऑगस्ट २०१२ रोजी सेबूहून घरी नागाला जाताना त्यांचे छोटे विमान मास्बाते बेटाजवळ समुद्रात कोसळले. तीन दिवसांनी मृतदेह सापडला. २०१५ च्या कायद्याने १८ ऑगस्ट हा ‘जेसी रोब्रेडो दिन’ ठरला. त्यांच्या पत्नी लेनी या वकील. पतीच्या निधनानंतर त्या २०१३ मध्ये संसदेवर निवडून आल्या, २०१६ ते २०२२ या काळात देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या आणि २०२५ मध्ये नागाच्या महापौर झाल्या.