डोमेन नोंदणीचे संदेश: नमुना कुठून आला

बेळगाव, निपाणी, खानापूरकडे दुकानांच्या आणि पतसंस्थांच्या वेबसाइट करणारी आपली पोरं डोमेन (वेबसाइटचं नाव) घेतात ती बहुधा एखाद्या रिसेलरच्या, म्हणजे नावं पुढे विकणाऱ्या कंपनीच्या, एपीआयमधून (प्रोग्रामने थेट विनंती पाठवायची सोय). त्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन अपुरं असलं, की सगळी रात्र त्यात जाते. मूळ व्यवस्था मात्र इतकी अंधारी नाही.

१९९९ पर्यंत डॉटकॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती. मग डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने इतर रजिस्ट्रारनाही (नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनाही) दार उघडलं आणि परक्या यंत्रांनी एकमेकांशी नेमकं काय बोलायचं, हे लिहून देणं भाग पडलं. कंपनीने आपला आरआरपी प्रोटोकॉल (संदेशांचे नियम) मे २००० मध्ये आरएफसी २८३२ म्हणून जाहीर केला; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली जाहीर कागदपत्रं. त्यात साध्या मजकुराच्या ओळी होत्या. नव्या रजिस्ट्र्या (नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्था) आल्या, तेव्हा सर्वांना चालेल असा ईपीपी हा प्रोटोकॉल मार्च २००४ मध्ये ठरला. आजची आवृत्ती ऑगस्ट २००९ ची, आरएफसी ५७३० ते ५७३४.

या कागदपत्रांचं मला सर्वांत मोल वाटतं ते उदाहरणांसाठी. प्रत्येक आज्ञेखाली क्लायंटने (रजिस्ट्रारच्या यंत्राने) पाठवलेला एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बसवलेला मजकूर, आणि सर्व्हरचं उत्तर, ओळीन्‌ओळ छापलेलं आहे. संदेशाआधी चार बाइटमध्ये लांबी येते आणि त्या लांबीत हे चार बाइटही धरायचे, हेसुद्धा स्पष्ट लिहिलंय. नाव आधीच घेतलेलं असेल तर २३०२ हा कोड येतो. फोन नंबरात देशाच्या कोडनंतर टिंब हवं, म्हणजे बेळगावचा लँडलाइन '+९१.८३१' असा सुरू होणार, एसटीडी कोडचा सुरुवातीचा शून्य गाळून. नाव घेणाऱ्याच्या टपाली पत्त्याचे दोन प्रकार: एकात फक्त रोमन अक्षरं, दुसऱ्यात युनिकोड, म्हणजे देवनागरीही चालते.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं, मराठीसह. इथे डोमेनचं नाव संदेशात देवनागरीत जात नाही. प्युनीकोडमध्ये (रोमन अक्षरं-अंकांच्या सांकेतिक रूपात) बदलून जातं. पत्ता एका रूपात, नाव दुसऱ्या रूपात. रिसेलरच्या जेसन (एक्सएमएलसारखीच, पण सुटसुटीत मांडणी) एपीआयमध्ये हे बहुधा लिहिलेलंच नसतं; फक्त यशस्वी उत्तराचा एक नमुना असतो. प्रोग्रामर अडतो तो विनंती नाकारणाऱ्या उत्तराशी, आणि तेच दाखवायला हवं.

इंटरनेटचे हे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये आता जेसनवर चालणाऱ्या, वेबच्या पद्धतीच्या नव्या नोंदणी प्रोटोकॉलचं काम सुरू आहे. त्याच्या नमुन्यांत देवनागरी पत्ता असलेला एक संदेश आणि नाकारलेल्या विनंतीचं पूर्ण उत्तर असावं, असं आमच्या भागातून कुणीतरी आत्ताच, मसुदा कच्चा असताना कळवायला हवं.