देवतेचं अधिकारपत्र मागवण्यापूर्वी: तिसरा रकाना रिकामा ठेवू नका

"संकल्पना कळवली होती, मग फॉर्म परत का पाठवलात?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. टेबलावर बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत खेळाडू देवता साकारतो, तेव्हा तिला काय करता येतं आणि काय नाही हे सांगणारं अधिकारपत्र आम्ही तुम्ही भरलेल्या फॉर्मवरून लिहून देतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्या रकान्यात संकल्पना असते, दुसऱ्यात पराक्रमांची भलीमोठी यादी असते आणि 'अधिकाराबाहेर काय' या तिसऱ्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते.

उंबरठ्याची देवता घ्या. सुरुवातीच्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकीत, ती कुलूपबंद दारं उघडते, पाठलाग करणाऱ्याला चौकटीतच थोपवते, टेबलावर सगळे खूश. मग खेळाडू म्हणते, मरण हाही उंबरठाच, मी गेलेल्याला परत आणते. पुढच्या वेळी राज्याची सीमा उंबरठा ठरते आणि अख्खं सैन्य जागच्या जागी थांबतं. त्यानंतर पहाट, मग तारुण्य. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं ते सगळं तिचंच! खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला नाही म्हणायला आधार उरत नाही आणि बाकीचे खेळाडू नुसते बघत बसतात. यात त्या खेळाडूची लबाडी नाही. कागदावर कुठेच 'नाही' लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही असं लिहितो: 'कोणीतरी बांधलेला, पाऊल टाकून ओलांडता येणारा उंबरठा. मरण, वय आणि राज्याची सीमा अधिकाराबाहेर.' तिसऱ्या रकान्यात आम्हाला अशाच तीन ठोस गोष्टी हव्या असतात, खेळाडू हमखास मागेल अशा. 'अवाजवी काही चालणार नाही' एवढ्याने भागत नाही, कारण अवाजवी काय यावरच तर वाद होतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळात असं काही लिहावं लागत नाही, असं काही ग्राहक सांगतात. बरोबर आहे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पुरोहित आपल्या देवतेच्या अधिकारातली दोन क्षेत्रं निवडतो आणि प्रत्येक क्षेत्राला पहिल्या ते नवव्या पातळीपर्यंत ठरलेले मंत्र असतात. तिथे यादी हीच सीमा. तुम्ही आमच्याकडे मागता तो मोकळा अधिकार, जिथे पराक्रम खेळता खेळता सुचतो. तिथे सीमा वेगळी लिहावीच लागते.

पराक्रम मात्र यादीने न देता क्रियेने द्या. 1987 साली आलेल्या आर्स मॅजिका या जादूगारांच्या खेळात पाच क्रिया आणि दहा विषय यांच्या जोड्यांतून सगळी जादू उभी राहते. आमच्या पत्रावरही पाच क्रिया असतात: जाणणं, राखणं, बदलणं, घडवणं, मोडणं. जाणणं फुकट, राखायला एक शक्तिगुण (देवता पराक्रमासाठी खर्च करते तो गुण), आणि मोडण्यासाठी खर्च झालेले गुण पुढच्या सेशनपर्यंत परत मिळत नाहीत. नव्या देवतेला यातल्या दोनच द्या. पाचही दिल्यात तर वाढायला जागा राहत नाही.

'त्यापेक्षा फाशांच्या बेरजेत तीन मिळवून टाका' ही मागणीही येते. दोन सहापैलू फाशांवर 7 किंवा त्याहून जास्त पडलं की यश असं धरलं, तर त्याच्या शक्यता 36 पैकी 21 असतात. अधिक तीन मिळाले की त्या 33 होतात. मग फासे टाकायचे तरी कशाला? आम्ही देवतेला फाशांवर जादा गुण देत नाही, तिच्या हद्दीत फासे न टाकता काम होऊ देतो आणि किंमत शक्तिगुणांत घेतो.

दोन देवतांचे दावे भिडले तर अरुंद संकल्पना जिंकते. घराची देवता आणि उंबरठ्याची देवता समोरासमोर आल्या, तर चौकटीत उंबरठ्याचं चालेल, आत घराचं.

'काळ' किंवा 'नशीब' मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही, पण त्याचा एखादा तुकडा निवडायला सांगतो: उशीर, पैज, राहून गेलेलं काम. उशिराची देवता काळाच्या देवतेपेक्षा टेबलावर जास्त रंगते, हे आमचं ठाम मत आहे.

पहिल्या मसुद्यानंतरची एक दुरुस्ती मूळ दरातच होते. तिसरा रकाना रिकामा आला तर फॉर्म परत जातो आणि ऑर्डर पुन्हा रांगेच्या शेवटी लागते. सगळ्या गटाची पत्रं एकत्र मागवलीत तर ती शेजारी ठेवून कुणाचा अधिकार कुणावर चढतोय तेही तपासून देतो. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) आधीच सुरू असेल आणि वाद पेटला असेल, तर जुनं पत्र पाठवा. नुसती सीमा लिहून देण्याचं कामही आम्ही घेतो. सोबत कोणते नियम वापरता, खेळाडू किती आहेत आणि वाद नेमका कोणत्या पराक्रमावरून झाला, एवढं कळवा.