कमरेखाली कळतच नाही, मग भूल कशाला?

मणक्याला मार लागून पाय गेलेल्या माणसाचं मूतखड्याचं नाहीतर बेडसोरचं (पडून राहून होणाऱ्या जखमेचं) ऑपरेशन ठरलं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, अहो तिथं काही कळतच नाही तर भूल कशाला? प्रश्न वेडगळ अजिबात नाही, काही छोटी कामं खरंच भूल न देता करतातसुद्धा, पण तेव्हाही भूलतज्ञ बीपीच्या आकड्यावर डोळा ठेवून उशाशी बसलेला असतो. तो तिथं का बसतो हे कळायला शंभरेक वर्षं मागं जावं लागतं, आणि तिथं बहुतेक सगळी माहिती युद्धातल्या जखमींकडूनच आलेली दिसते.

त्याच्या आधी शिकण्यासारखं काही उरतच नव्हतं कारण पेशंटच उरत नव्हते. मानेचा मणका सरकून हातपाय गेलेला माणूस म्हणजे इलाज न करण्याचा आजार, असं इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर लिहिलंय, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फार बदललेली नव्हती, बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन यातच माणूस जायचा. तरी जे थोडे दिवस जगले त्यांच्याकडे लंडनमध्ये हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक या दोघा डॉक्टरांनी नीट बघितलं. १९१७ मध्ये त्यांनी लिहिलं की मज्जारज्जू पार तुटलेल्या सैनिकाचं मूत्राशय भरलं की त्याला दरदरून घाम फुटतो. त्याला स्वतःला लघवी भरल्याचं कळत नाही, पण शरीराला कळतं!

पुढचा तुकडा जुळायला तीस वर्षं गेली. लुडविग गुटमन हे ब्रेस्लाऊचे ज्यू न्यूरोसर्जन, हिटलरच्या तावडीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आले आणि १ फेब्रुवारी १९४४ ला स्टोक मँडेव्हिलला त्यांनी मणक्याच्या जखमींचं सेंटर सुरू केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, या एका हट्टापायी पेशंट जगायला लागले. जगायला लागले म्हणून मग अभ्यास करता आला. डेव्हिड व्हिटरिज या फिजिऑलॉजिस्टसोबत त्यांनी पेशंटच्या मूत्राशयात पाणी भरत भरत बीपी मोजलं आणि १९४७ मध्ये छापलं: बीपी सरसर वर, डोकं ठणकतं, चेहरा लाल, नाक चोंदतं, आणि नाडी मात्र मंद. (हे व्हिटरिज म्हणजे आपले शास्त्रज्ञ ऑतार सिंग पेंटल यांचे एडिनबराचे गाइड, पेंटल पुढे आयसीएमआरचे प्रमुख झाले.)

आज याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर खालून तक्रार येते, मूत्राशय तुंबलंय किंवा चाकू लागलाय, ती तक्रार तुटलेल्या जागेच्या वर जाऊ शकत नाही पण खालच्या मज्जारज्जूतच फिरते आणि तिथल्या रक्तवाहिन्या आवळते, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यासुद्धा, म्हणून इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर धोका जास्त. मेंदूला वाढलेलं बीपी कळतं, तो हृदयाचा वेग कमी करतो, पण खालच्या रक्तवाहिन्या सैल करायचा हुकूम त्याला पोचवताच येत नाही, लाइनच कट आहे. अशा माणसाचं रोजचं वरचं बीपी मुळात ९०-१०० असतं, त्यामुळे १४० दिसलं तर ‘थोडंसं वाढलंय’ म्हणून सोडून देणं महागात पडतं, मेंदूत रक्तस्राव होऊन माणसं गेलेली आहेत. पहिलं काम साधंच: उठवून बसवा, कपडे पट्टे सैल करा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कुठं मुडपलाय का बघा.

याची एक विचित्र बाजू पण आहे. गुटमननी २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, १६ जणांची तिरंदाजी घेतली आणि त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं, १९६५ च्या युद्धात पाठीत गोळी घेऊन आलेले आपले इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड घेऊन आले ते तिथंच. पण पुढे काही खेळाडू मुद्दाम कॅथेटर बंद करून बीपी चढवायला लागले, त्यानं परफॉर्मन्स सुधारतो म्हणून! १९९४ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. डॉक्टरला ज्याची भीती वाटते त्याचंच डोपिंग.

तर ऑपरेशनच्या टेबलावर भूल हवी ती दुखू नये म्हणून नाही, हे सर्किट बंद पडावं म्हणून. आणि तुटलेल्या मणक्यात पाठीतूनच इंजेक्शन द्यायचं हे ऐकायला कसंतरी वाटतं खरं, पण ऑगस्ट बियरनं १८९८ मध्ये जर्मनीत कीलला सुरू केलेली तीच स्पायनल, म्हणजे पाठीतून दिलेली कमरेखालची भूल, इथं चांगली चालते, फक्त मोडलेल्या, प्लेटा घातलेल्या पाठीत सुई घालणं जिकिरीचं. बाळंतपणातही तसंच, मणक्याच्या वरच्या भागात इजा असलेल्या बाईला कळा जाणवत नाहीत पण बीपी चढतं, म्हणून एपिड्युरल (पाठीतल्या बारीक नळीतून देत राहायची भूल) लवकर सुरू करतात.

दुसरा धडा जास्त महाग पडला. घशात नळी घालताना स्नायू ढिले करायचं इंजेक्शन, आपल्याकडे ज्याला सगळे स्कोलीन म्हणतात, ते १९५० नंतर सगळीकडे वापरात आलं. मग भाजलेल्या पेशंटमध्ये आणि १९७० च्या सुमारास पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय गेलेल्या, पेशंटमध्ये, इंजेक्शन दिल्यावर हृदय बंद पडल्याचे रिपोर्ट यायला लागले. कारण नंतर उलगडलं, नस तुटली की स्नायूवरचे रिसेप्टर (औषध जिथं चिकटतं त्या जागा) एका जागी न राहता सगळीकडे उगवतात आणि औषध लागताच पोटॅशियम एकदम रक्तात सांडतं, त्यानं हृदय थांबतं. इजेनंतर पहिला दिवस-दोन दिवस ठीक, त्यानंतर हे औषध टाळायचं, आता त्याऐवजी रोक्युरोनियम हे दुसरं औषध आहेच.

आता उलटी बाजू. न कळणाऱ्या पायात दुखतं. हे पेशंट सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला नाटक वाटायचं. जळतंय, करंट मारतोय, बोटं पिळवटतायत, पण टाचणी लावली तर काहीच नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मज्जारज्जूत वेदनेचं गेट असतं, ते खालून येणारे सिग्नल वर सोडतं किंवा अडवतं, ही थिअरी मांडली, ती गाजली, पण हे कोडं तिनं सुटेना. १९७८ मध्ये मेलझॅक यांनीच लोझर या न्यूरोसर्जनसोबत अशा पॅराप्लेजिक लोकांबद्दल लिहिलं ज्यांच्या मज्जारज्जूचा तुकडाच कापून काढलेला होता, आणि तरीही पाय दुखतच होते. म्हणजे खालून सिग्नल यायची शक्यताच नाही, वेदना तुटलेल्या जागेच्या वर कुठंतरी तयार होतेय. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा पेपर, कारण यानंतर पेशंटला खोटं म्हणणं अवघड झालं.

किती जणांना दुखतं हे नीट मोजलं सिडनीच्या फिलिप सिडॉल आणि मायकेल कझिन्स यांच्या ग्रुपनं. पाच वर्षं पेशंटचा पाठपुरावा केला, २००३ मध्ये आकडे आले: ८१ टक्क्यांना काही ना काही दुखणं, त्यातलं सगळ्यात कॉमन म्हणजे खांद्याबिंद्याचं स्नायू-हाडांचं, आणि इजेच्या पातळीखालचं नसांचं दुखणं ३४ टक्क्यांना. याच ग्रुपनं २००० मध्ये पाठीच्या पाण्यात मॉर्फिन आणि क्लोनिडिन एकत्र देऊन पाहिलं होतं, एकेकट्या औषधापेक्षा ते बरं चाललं. मग प्रीगॅबलिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी, २००६ मध्ये त्यांची १३७ जणांवरची ट्रायल, आणि जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेनं) मणक्याच्या इजेनंतरच्या नसांच्या वेदनेसाठी ते मंजूर केलं.

आता ही गोळी घराघरात आहे आणि ‘एवढी महागडी गोळी घेऊनही दुखतंच’ ही तक्रारही. त्याचं असं आहे की या ट्रायलमध्ये दुखणं ३० टक्क्यांनी उतरलं तरी ते यशात धरतात, आणि तेवढंसुद्धा सगळ्यांचं उतरत नाही. गुंगी आणि चक्कर याच तक्रारी तिथंही सगळ्यात जास्त होत्या, त्यामुळे व्हीलचेअरवरून पलंगावर सरकणाऱ्या माणसानं डोस वाढवायचा तो डॉक्टरला विचारून आणि हळूहळूच.