स्वतःच्या समजुतींची उलटतपासणी: विवेकनिष्ठ मानसोपचाराची पार्श्वभूमी

विवेकनिष्ठ मानसोपचार हे नाव मराठी वाचकांना आता नवं नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत घडवणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथे रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या कामातूनही ती पुष्कळांपर्यंत पोचली. या प्रवासात 'विचार बदला, भावना बदलेल' एवढं सुटसुटीत सूत्र लोकांच्या लक्षात राहिलं आणि मेहनतीचा भाग मात्र मागे पडला. एलिस यांनी मात्र सुरुवात केली ती मेहनतीपासूनच.

ते १९१३ साली जन्मले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढले. मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच एक काम नेमून दिलं: ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच सांगितलेल्या हिशेबानुसार महिनाभरात अशा १३० जणी भेटल्या. त्यांतल्या ३० उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. भेटायला यायचं कबूल केलं एकीनं, आणि तीही आली नाही. तरीही भीती गेली. नकार मिळाला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे त्यांना शंभर वेळा प्रत्यक्ष बघायला मिळालं होतं. पुढे त्यांच्या पद्धतीत 'गृहपाठ' आला त्याचं मूळ इथे आहे.

वैचारिक मूळ त्याहून फार जुनं. गुलामीत जन्मलेला, स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन विचारपंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात शिकवत होता की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीची त्याची मतं अस्वस्थ करतात. एलिस तरुणपणापासून तत्त्वज्ञान वाचत होते. तरी १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर ते वळले मनाच्या दडलेल्या भागात दुखण्याचं मूळ शोधणाऱ्या मनोविश्लेषणाकडे, कारण त्या काळी प्रतिष्ठा त्यालाच होती. काही वर्षांत त्यांचा भ्रमनिरास झाला. दुखण्याचं मूळ बालपणात कुठे आहे हे रुग्णाला उमजायचं, पण तो त्याच समजुती रोज नव्यानं स्वतःला ऐकवत राहायचा. १९५५ मध्ये त्यांनी आपली पद्धत वापरायला सुरुवात केली, १९५६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या शिकागोच्या अधिवेशनात ती मांडली, आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. ही पद्धत भावनांना महत्त्व देत नाही, असा आक्षेप आला. म्हणून १९६१ मध्ये पद्धतीच्या इंग्रजी नावात 'भावना' हा शब्द घातला गेला, आणि १९९३ मध्ये 'वर्तन'ही. वर्तनाचा भाग पहिल्यापासून होताच, नाव मागून आलं.

पद्धतीचा सांगाडा एबीसी या अक्षरांचा. ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याविषयीची समजूत, सी म्हणजे भावना आणि वर्तन. समजा, साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत चूक दाखवली. कागदावर ए म्हणून बहुतेक जण लिहितात, 'साहेबांनी माझा अपमान केला.' पहिली गफलत इथेच होते. कॅमेऱ्यात दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच ए: 'तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली आहे, असं साहेब म्हणाले.' सीमध्ये भावनेचं नाव आणि शंभरपैकी तीव्रता लिहावी: 'शरम, ८०. दिवसभर कुणाशी बोललो नाही.' बी शेवटी शोधायचा, आणि तो विधानाच्या रूपात हवा. 'आता लोक काय म्हणतील?' या प्रश्नाशी वाद घालता येत नाही. त्याचं विधान करा: 'माझ्या हातून चूक होताच कामा नये. झाली म्हणजे मी नालायक.' आता हट्टही दिसतो आणि स्वतःवर मारलेला शिक्काही.

पुढची पायरी डी, म्हणजे उलटतपासणी. प्रश्न तीन: याला पुरावा काय? एकातून दुसरं तर्काने निघतं का? हे धरून बसल्याने माझं काय साधतं? दुसरी मोठी गफलत इथे होते. माणूस हट्टाला हात लावत नाही, घटनेशीच वाद घालतो: 'साहेबांचा तसा हेतू नसेल.' तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण हेतू खरंच तसा निघाला की सगळं पुन्हा उभं राहतं. तिसरी गफलत म्हणजे 'मला काही फरक पडत नाही' असं लिहिणं. ते खोटं असतं, म्हणून टिकत नाही. ई, म्हणजे नवी समजूत, अशी हवी: 'चूक झाली नसती तर मला फार आवडलं असतं, पण होऊ नये असा नियम नाही. बेरीज चुकली, मी अख्खा चुकलो नाही.' शरम जाऊन खंत उरली तर काम नीट झालं. भावना शून्यावर आणणं हे उद्दिष्टच नव्हे.

एवढं लिहून 'पटतं, पण वाटत नाही' अशी तक्रार हमखास येते. एलिस यांचं उत्तर गृहपाठ हेच होतं. लाज घालवायला ते लोकांना बसमध्ये मोठ्याने थांब्यांची नावं पुकारायला सांगत. अट एकच: कुणाला इजा होऊ नये आणि स्वतःची नोकरी धोक्यात येऊ नये. आपल्या उदाहरणात गृहपाठ साधा आहे: पुढच्या बैठकीत खात्री नसलेला एक मुद्दा मुद्दाम मांडायचा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मॅक्सी मॉल्ट्सबी यांनी यात कल्पनाचित्राची जोड दिली: नकोसा प्रसंग डोळ्यांपुढे आणून, तो प्रसंग तसाच ठेवून, फक्त भावना बदलायचा सराव. रोज काही मिनिटं, सलग काही आठवडे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक वेगळ्या वाटेनं जवळपास इथेच आले. खिन्नतेच्या (डिप्रेशनच्या) रुग्णांच्या स्वप्नांत, मनोविश्लेषणाच्या सिद्धांतानुसार, त्यांना स्वतःवरच उलटलेला राग सापडेल अशी अपेक्षा होती. सापडला तो पराभव आणि गमावल्याची भावना. आपण मानत आलो तो सिद्धांत पुराव्यापुढे टिकत नाही हे पाहून त्यांनी तो सोडला. त्यांच्या पद्धतीत विचाराला गृहीतक मानून पुरावा तपासतात, तर एलिस थेट हट्टावर घाव घालतात. नवशिक्याने बेक यांच्या, विचार आणि त्याचा पुरावा लिहून तपासण्याच्या तक्त्यापासून सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. त्यात स्वतःशी भांडण कमी आणि निरीक्षण जास्त असतं.

छळ, मारहाण, पगार बुडवणं अशा ठिकाणी आधी घटना बदलायला हवी. तिथे हा कागद फक्त डोकं शांत ठेवून पाऊल उचलण्यापुरता. झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर एकट्यानं तक्ते भरत बसू नये. लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा आणि कागद त्यांच्यासमोर भरावा.