लघु वेब होस्टिंग व्यवसाय आणि ग्राहकांच्या अपेक्षा

लघु वेब होस्टिंग व्यवसाय : इतरांची संकेतस्थळे, ईमेल खाती आणि डेटाबेस सर्व्हरवर भाड्याने ठेवून त्यांची देखभाल करणारा, बहुधा एका मालकाचा किंवा मोजक्या माणसांचा व्यवसाय. असे व्यावसायिक स्वतःचे डेटा सेंटर क्वचितच उभारतात. मोठ्या कंपनीकडून एखाददुसरा सर्व्हर किंवा रिसेलर (पुनर्विक्रीचे) खाते घेऊन ते त्याचे लहान भाग पाडतात आणि दुकानदार, दवाखाने, शाळा, छोटे प्रकाशक यांना वार्षिक भाड्याने देतात. यंत्र दुसऱ्याचे आणि सॉफ्टवेअर बहुतांशी सर्वत्र सारखेच असते. त्यामुळे ग्राहक अशा व्यावसायिकाची पारख करतो ती मुख्यतः अडचणीच्या वेळी.

उगम : या व्यवसायाची सुरुवात कोठून धरावी याबाबत एकमत नाही. विद्यापीठे आणि इंटरनेट सेवा पुरवठादार आपल्या सदस्यांना सर्व्हरवर थोडी जागा देत, तेथून काही जण आरंभ मानतात. काही जण तो वैयक्तिक पाने ठेवू देणाऱ्या जिओसिटीज या सेवेपासून धरतात. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझ्नर यांनी ही सेवा नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ या नावाने सुरू केली होती. या दोन्ही प्रकारांत जागा मिळे, पण पत्ता दुसऱ्याच्या नावाचा असे. स्वतःच्या डोमेनवरचे (स्वतःच्या नावाच्या वेब-पत्त्यावरचे) संकेतस्थळ अल्प भाड्यात ठेवता येणे हे या व्यवसायाचे मुख्य लक्षण मानल्यास त्याचा उगम १९९६-९७ च्या सुमारास, एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवर यंत्र ओळखणाऱ्या क्रमांकावर) अनेक डोमेन चालवण्याच्या तंत्रात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीत (आरएफसी १९४५ हा तांत्रिक दस्तऐवज, मे १९९६) ब्राउझर सर्व्हरकडे केवळ पानाचा मार्ग मागत असे. कोणत्या डोमेनचे पान हवे हे त्या विनंतीत सांगणे आवश्यक नव्हते. एका आयपी पत्त्यावर दोन संकेतस्थळे असल्यास विनंती कोणासाठी आहे हे सर्व्हरला निश्चित कळत नसे, म्हणून प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा लागे. आयपीव्ही४ मधील पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. लहान व्यावसायिकाच्या वाट्याला त्यांतले थोडेच येत. जानेवारी १९९७ मधील आरएफसी २०६८ ने १.१ आवृत्ती मांडली आणि विनंतीसोबत ‘होस्ट’ हे शीर्षक पाठवणे सक्तीचे केले. ते नसल्यास सर्व्हरने विनंती नाकारावी, असा नियम झाला. मात्र हे वर्ष काटेकोर सीमारेषा मानू नये. काही ब्राउझर हे शीर्षक त्याआधीच पाठवू लागले होते आणि अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या १.१ आवृत्तीत १९९६ मध्येच नावावर आधारित आभासी होस्टची (नावावरून संकेतस्थळ ओळखण्याची) सोय आली होती. परिणाम मात्र निर्विवाद आहे. एका सर्व्हरवर शेकडो डोमेन बसू लागली आणि भाडे सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात आले.

कूटबद्ध (एचटीटीपीएस) जोडणीत तीच अडचण पुन्हा उभी राहिली. ‘होस्ट’ शीर्षक वाचण्याआधीच सर्व्हरला डोमेनची ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवावे लागते, पण ते कोणत्या डोमेनचे दाखवायचे? जून २००३ मधील आरएफसी ३५४६ ने यावर जोडणीच्या सुरुवातीलाच डोमेनचे नाव कळवण्याचा एसएनआय हा उपाय सुचवला. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर तो पाळत नसल्याने सुरक्षित संकेतस्थळासाठी वेगळा आयपी पत्ता आणि विकतचे प्रमाणपत्र ही पद्धत नंतरही बरीच वर्षे टिकली. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली झाली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी संकेतस्थळांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. तेव्हापासून मोफत प्रमाणपत्र ही ग्राहकाची किमान अपेक्षा झाली आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे मागणारा व्यावसायिक संशयास पात्र ठरतो.

या व्यवसायाचा दुसरा आधार कंट्रोल पॅनेलचा, म्हणजे ब्राउझरमधून खाते सांभाळू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा. १९९६ मध्ये निघालेल्या सीपॅनेलमुळे युनिक्स ही सर्व्हरवरील प्रणाली न जाणणाऱ्या ग्राहकालाही स्वतः ईमेल खाते उघडता येऊ लागले. जून २०१९ मध्ये त्याच्या परवान्याचे शुल्क सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येवर आकारण्याचे जाहीर झाले. स्वस्त दराची पुष्कळ खाती सांभाळणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना याचा मोठा फटका बसला आणि काही जण डायरेक्टॲडमिनसारख्या पर्यायांकडे वळले.

भारतात विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. १९९८ मध्ये मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया यांनी स्थापन केलेल्या डायरेक्टीच्या रिसेलरक्लब या सेवेमुळे डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावाने विकणे लहान व्यावसायिकांना सुलभ झाले. २००५ मध्ये ‘.इन’ डोमेनची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली, तर २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ आले.

ग्राहक काय पाहतात : जाहिरातींत जागा आणि बँडविड्थ (माहितीची ने-आण) यांचे आकडे ठळक असतात, पण अनुभवी ग्राहक त्यांना फारसे महत्त्व देत नाही आणि ते योग्यच आहे. ‘अमर्याद’ जागा देणाऱ्या योजनेतही प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि फाइलींची संख्या यांवर मर्यादा असतेच. ती करारातल्या ‘वाजवी वापरा’च्या कलमात दडलेली असते. एकाच सर्व्हरवरचे एक गजबजलेले संकेतस्थळ शेजारच्यांना संथ करते, म्हणून प्रत्येक खात्याला ठरावीक वाटा बांधून देणारी क्लाउडलिनक्ससारखी प्रणाली वापरली जाते का, हा प्रश्न जागेच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

अखंडतेची हमी टक्क्यांत दिली जाते. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे आणि वर्षात पावणेनऊ तास सेवा बंद राहण्यास मुभा. हमी मोडल्यास भरपाई सहसा भाड्याच्या काही भागापुरती मिळते. बुडालेल्या विक्रीची भरपाई तीत येत नाही. त्यामुळे सेवा बंद पडल्यावर कोण, किती वेळात आणि किती मोकळेपणाने उत्तर देतो याला ग्राहक अधिक वजन देतात. ठरावीक साच्यातली उत्तरे पाठवणाऱ्या मोठ्या कंपनीऐवजी नावाने ओळखणारा माणूस हवा, हेच छोट्याकडे येण्याचे प्रमुख कारण असते. त्याच बाबतीत छोटा सर्वांत दुबळाही असतो, कारण मालक आजारी पडला तर तिकिटांना (नोंदवलेल्या तक्रारींना) उत्तर देणारा दुसरा कोणी नसतो. विचारी ग्राहक याची चौकशी आधीच करतो.

बॅकअपविषयी ग्राहक फार उशिरा विचारतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून नष्ट झाले आणि अनेक संकेतस्थळांचा डेटा कायमचा गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. त्यात सर्व्हरसोबत बॅकअपही कूटबद्ध झाले आणि बहुतेक ग्राहकांनी सर्व काही गमावले. त्यामुळे बॅकअप वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या प्रवेशाधिकारांखाली ठेवला आहे का, तो परत बसवून कधी पाहिला आहे का आणि ग्राहकाला स्वतः उतरवून घेता येतो का, हे तीन प्रश्न कराराआधीच विचारावेत.

ईमेलबाबत सामायिक सर्व्हरचा दोष विशेष जाणवतो. एका खात्यातून स्पॅम गेला की तो आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि निर्दोष शेजाऱ्यांची पत्रेही अडतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ आणि डीकेआयएम या, पत्र खरोखर त्याच डोमेनचे आहे हे पडताळू देणाऱ्या नोंदींविषयीचे नियम कडक केले. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना डीमार्क ही तशीच आणखी एक नोंदही आवश्यक झाली. या नोंदी मुकाट्याने नीट करून देणारा व्यावसायिक ग्राहकाचे खरे काम करतो.

मराठी संकेतस्थळांच्या स्थलांतराची एक वेगळी अडचण आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत आपोआप लागू होणारा अक्षरसंच २०१८ मधील ८.० आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांसाठीचा होता. अशा डेटाबेसात साठवलेला देवनागरी मजकूर जुन्या सर्व्हरवर नीट दिसे, पण निष्काळजीपणे हलवला की त्याचा कचरा होई. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मूळ मजकूर त्यांतून परत मिळत नाही, तो जुन्या प्रतीतूनच आणावा लागतो. वर्षानुवर्षांचे लेखन त्यात जाऊ शकते. म्हणून मराठी ग्राहकाने प्रथम थोड्या पानांची चाचणी मागावी आणि ती स्वतः तपासेपर्यंत जुने खाते बंद करू नये.

मालकी : डोमेन कोणाच्या नावावर आहे ही बाब वरील सर्वांहून महत्त्वाची मानली पाहिजे. होस्टिंग बदलता येते, पण नाव गेले तर छापील पाट्या, पत्ते आणि ग्राहकांची ओळख सारेच जाते. सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावे नोंदवून ठेवणारे विक्रेते ग्राहकाला ओलीस धरू शकतात. डोमेन-व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेच्या नियमांनुसार सर्वसाधारण (‘.कॉम’सारख्या) डोमेनचा हस्तांतर संकेत (ते दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा कोड) मागितल्यापासून पाच दिवसांत मिळाला पाहिजे, परंतु हा हक्क नोंदीत नाव असलेल्यालाच मिळतो. पुरवठादार डबघाईला आल्यास तर हक्क असूनही वाट पाहावी लागते. नेट फोर इंडिया ही डोमेन नोंदवणारी कंपनी २०१९ पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती. अनेक ग्राहकांना डोमेनचे नूतनीकरण वा हस्तांतर करता येईना. अखेर २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढून डोमेन दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे सोपवली.

दर आणि कायदा : पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत मोठी तफावत असते, म्हणून नूतनीकरणाचाच आकडा पाहावा. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरील आवर्ती वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर काही परदेशी कंपन्यांची आपोआप होणारी नूतनीकरणे अडली. यूपीआयने पैसे घेणारा आणि जीएसटीचे बिल देणारा स्थानिक व्यावसायिक तेव्हापासून अधिक सोयीचा वाटतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग (सर्व्हरवरील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवणे आवश्यक आहे. आभासी खासगी सर्व्हर (एका यंत्राचा स्वतंत्र सर्व्हरसारखा चालणारा भाग) पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी, असेही त्यांत म्हटले आहे.