बेटांवरील वनस्पतींचे वेगळेपण

मुख्य भूमीवरून दूरच्या बेटावर पोचलेल्या वनस्पतीच्या बांध्यात, बियांत आणि बचावाच्या साधनांत पिढ्यानपिढ्या पडत जाणारा फरक. बेटावर मोजकीच बीजे पोचतात, त्यामुळे मूळ जातीच्या गुणांपैकी थोडेच तिथे येतात. चरणारी जनावरे आणि नेहमीचे स्पर्धक बहुधा मागेच राहतात.

बियांतला फरक पुणेकराला सहज पटेल. पावसाळा सरताना सिंहगडाच्या पायवाटेवर पँटला काळ्या सुया चिकटतात. ती बायडन्स या तणाची एकबीजी फळे. प्रत्येकाच्या टोकाला दोन ते चार ताठ कुसे असतात आणि कुसांवर बारीक उलटे काटे. टोकाकडून बुडाकडे बोट फिरवले तर ते सरकते, उलट फिरवले की अडकते. म्हणून फळ कापडात सहज घुसते, निघत मात्र नाही. हवाई बेटांवर बायडन्सच्या सुमारे २० स्थानिक जाती आहेत. त्यांचा पूर्वज बहुधा पक्ष्याच्या पिसांत अडकून आला. पण आज त्यांतल्या अनेकींची कुसे आखूड झाली आहेत किंवा उरलेलीच नाहीत. बेट सोडून गेलेले बी बहुतेक वेळा समुद्रातच पडते. आईच्या जवळ पडलेले बी रुजते, आणि पुढची पिढी त्याचीच होते.

बचावाचेही तसेच. हवाईत समुद्राबाहेरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ; म्हणजे झाडपाला चरणारे सस्तन जनावर मूळचे नाहीच. तिथल्या रानटी रासबेरीला काटे फारसे नाहीत, आणि तुळस-पुदिन्याच्या कुळातल्या स्थानिक जाती जवळपास बिनवासाच्या आहेत.

काही कुळांत मऊ देठाच्या लहान वनस्पतींपासून पिढ्यानपिढ्यांत लाकडी झुडपे-झाडे होतात. पुण्यात मोकळ्या प्लॉटवर उगवणारे सॉन्कस मऊ देठाचे. कॅनरी बेटांवर त्याच प्रजातीच्या जाती लाकडी झुडपे झाल्या आहेत. गॅलापॅगोसवर सूर्यफुलाच्या कुळातल्या स्कॅलेशियाचे जंगल आहे. उंच वृक्षांची जागा रिकामी असणे, कडक थंडी नसणे, कोरडा हंगाम अशी कारणे सांगितली जातात. सगळीकडे एकच कारण लागू पडत नाही.

या वेगळेपणाची किंमत जबर असते. सेंट हेलिनावर सोळाव्या शतकात शेळ्या सोडल्या गेल्या, पुढे जंगलतोडही झाली. तिथला ‘सेंट हेलिना ऑलिव्ह’ हा वृक्ष २००३ मध्ये पूर्ण नामशेष झाला.

सह्याद्रीच्या सड्यांनाही, म्हणजे सपाट कातळ-पठारांनाही, कधीकधी बेटे म्हटले जाते. तिथल्या अनेक जाती खरोखरच इतरत्र सापडत नाहीत. मात्र सड्यावर गुरे चरतात आणि शेजारच्या डोंगरावरचे बी वाऱ्याने येऊ शकते, त्यामुळे काटे किंवा वास गमावण्याची बेटांवरची गोष्ट तिथे जशीच्या तशी लावता येत नाही.