झोपेतील मेंदूलहरी आणि स्मृतिभ्रंश

झोपेत मेंदूतील पेशींचे समूह लयीत जागतात आणि शांत होतात. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ईईजी यंत्राने ही लय कागदावर उतरवता येते. स्मरणाशी तिच्यातल्या दोन लहरींचा विशेष संबंध आहे. गाढ झोपेतल्या मंद लहरी सेकंदाला ०.५ ते ४ वेळा येतात, तर मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमध्ये उगम पावणाऱ्या 'स्पिंडल'ची गती सेकंदाला ११ ते १६ असते. स्पिंडल म्हणजे चाती. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी ही आकृती कापसाच्या मुलखात लगेच ओळखू येते. मंद लहरीच्या चढावर चाती नेमकी बसली, की ताज्या आठवणी धरून ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधली दिवसभराची आठवण मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पक्की होते. वयानुसार हा मेळ सुटत जातो. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात लहरी अधिक बुटक्या होतात, चात्याही विरळ होतात. अपुऱ्या झोपेने मेंदूत बीटा-अ‍ॅमिलॉइड हे अल्झायमरशी निगडित प्रथिन वाढते आणि त्याच्या साठ्याने गाढ झोप आणखी बिघडते.

खान्देशात या तपासणीत दोन अडचणी हमखास येतात. पहिली तेलाची: चोपडलेल्या केसांवर इलेक्ट्रोडचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) ५ किलोओहमखाली येत नाही, म्हणून आदल्या दिवशी शिकेकाईने किंवा शाम्पूने डोके धुऊन, केस कोरडे करून यावे. दुसरी घामाची, आणि ती अधिक फसवी. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. घामाने आलेखाची रेषा संथ हेलकावे खाते आणि ते हेलकावे मंद लहरींसारखेच दिसतात. नसलेली गाढ झोप 'आहे' असे वाचले जाते. खोली थंड ठेवणे हाच खरा उपाय. उलट चूकही होते, म्हणजे असलेली गाढ झोप 'नाही' असे वाचले जाते. गाढ झोप मोजताना लहरीची उंची ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त आणि आलेखाच्या ३० सेकंदांच्या तुकड्यात असा भाग किमान ६ सेकंद लागतो. निरोगी म्हाताऱ्यांच्या लहरीही मुळात बुटक्या असतात, त्यामुळे केवळ या आकड्यावरून स्मृतिभ्रंश ठरवू नये.

घरी 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलेल्या काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे हे स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी प्रकारात विस्मरणाच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकते. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. झोप येते म्हणून दुकानातून आणलेल्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पिढीच्या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे काम रोखतात. अल्झायमरमध्ये नेमका त्याचाच तुटवडा असतो, म्हणून गोळीनंतर दुसऱ्या दिवशी गोंधळ वाढलेला दिसतो.